लॅपटॉप सारखा हँग होतो आणि ड्रायव्हरवर संशय आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः विंडोज १० आणि ११ वापरणाऱ्यांसाठी आहे. लिनक्सवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलंय. मेन्यूंची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतात तशीच, फक्त देवनागरीत दिली आहेत, म्हणजे शोधायला सोपं जाईल.

‘हँग होतो’ म्हणजे नेमकं काय होतं, हे सांगणं इतकं महत्त्वाचं आहे का?

सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. दुरुस्तीला येणारा जवळजवळ प्रत्येक जण ‘हँग होतो हो’ एवढंच सांगतो आणि त्या एका शब्दात चार वेगवेगळे आजार लपलेले असतात.

पहिला प्रकार: माउसचा बाण फिरतो, स्टार्ट बटण उघडतं, पण एकच प्रोग्रॅम पांढरट होऊन ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ म्हणतो. इथे ड्रायव्हरचा (लॅपटॉपचा एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचा) संबंध सहसा नसतो, त्या प्रोग्रॅमकडे बघा. दुसरा: पडदा थिजतो पण गाणं किंवा मीटिंगमधला आवाज पुढे चालूच राहतो. इथे ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर पहिलं बोट ठेवायचं. तिसरा: पडदा दोन-चार सेकंद थांबतो, एकदा काळा होतो आणि काही झालंच नाही अशा थाटात परत येतो. हाही बहुतेक ग्राफिक्सच. चौथा: सगळंच ठप्प, बाण हलत नाही, आणि स्पीकरमधून ‘घर्रर्र’ असा एकच आवाज अडकून राहतो. यात ड्रायव्हर, एसएसडी (फाइली साठवणारी ड्राइव्ह), रॅम, कुणीही असू शकतं.

चौथ्या प्रकारात एक जुनी युक्ती करून बघा. कॅप्स लॉकचं बटण दाबा आणि त्याचा दिवा लागतो-विझतो का ते पाहा. दिवा दाद देत असेल तर विंडोज आतून जिवंत आहे, फक्त चित्र अडकलंय. दिवाही हलत नसेल तर मामला खोल आहे.

आत्ता, या क्षणी अडकलाय. काय करू?

आधी मिनिटभर थांबा. खरंच. पुष्कळदा लॅपटॉप स्वतःच सावरतो आणि घाईत दाबलेल्या पॉवर बटणामुळे न जतन केलेलं काम जातं.

मग विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. यामुळे ग्राफिक्सचा ड्रायव्हर जागच्या जागी नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर काळा होतो आणि बहुधा एक बारीक ‘बीप’ ऐकू येतो. उघडलेल्या फाइलींना धक्का लागत नाही. यानंतर पडदा हलायला लागला तर लॅपटॉपही सुटला आणि गुन्हेगाराबद्दल मोठा पुरावाही हाती आला. ही गोष्ट कागदावर लिहून ठेवा, पुढे लागेल.

त्यानेही काही झालं नाही तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. तेही नाही तर पॉवरचं बटण साधारण १० सेकंद दाबून धरा.

एका फडतूस ड्रायव्हरने अख्खा लॅपटॉप कसा काय बंद पडतो?

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि एखादा भाग, समजा वाय-फाय कार्ड, यांच्यातला दुभाषा. ब्राउझर किंवा वर्डसारखे प्रोग्रॅम विंडोजच्या बाहेरच्या अंगणात चालतात. ते कोसळले तर विंडोज त्यांना उचलून बाजूला टाकतं. बरेचसे ड्रायव्हर मात्र माजघरात, म्हणजे कर्नलमध्ये, विंडोजच्या मांडीला मांडी लावून चालतात. तिथे एकाने काम अडवून धरलं की बाकीचे सगळे रांगेत उभे.

याचं जगाने पाहिलेलं उदाहरण १९ जुलै २०२४चं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो. त्याच्यासाठी आलेल्या एका सदोष फाइलमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज यंत्रं कोसळली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले ते त्याच दिवशी. तुमच्या लॅपटॉपवर घडतं ते याचंच घरगुती रूप.

ग्राफिक्सच्या बाबतीत विंडोजने एक पहारेकरी ठेवलेला आहे. ग्राफिक्स चिपने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज तिला ‘मेली’ समजून ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. वरचा तिसरा प्रकार, म्हणजे थांबून-काळा-होऊन-परत, तो हाच. एका मिनिटात पाचपेक्षा जास्त वेळा असं झालं तर विंडोज नाद सोडतं आणि सरळ क्रॅशचा पडदा दाखवतं.

पण दोष ड्रायव्हरचाच, हे ओळखायचं कसं?

सुरुवात एकाच प्रश्नाने करा: केव्हापासून?

ड्रायव्हर गंजत नाही, झिजत नाही. काल नीट चालणारा ड्रायव्हर आज बिघडला असेल तर मध्ये काहीतरी बदललेलं असतं: विंडोजचं अपडेट आलं, नवा प्रिंटर जोडला, कुणीतरी ‘लॅपटॉप फास्ट करणारं’ सॉफ्टवेअर टाकलं. उलट, त्रास हळूहळू वाढत गेला असेल, आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून, आता रोज, तर माझा संशय ड्रायव्हरवरून उठून एसएसडी, रॅम किंवा पंख्याकडे जातो.

‘केव्हापासून’ला लोकांच्या आठवणीतून मिळणारं उत्तर सहसा उपयोगाचं नसतं. एका शिक्षिकाबाईंचा लॅपटॉप ऑनलाइन तासाला थिजायचा. ‘मी काहीच बदललं नाही हो,’ असं त्या शपथेवर सांगत होत्या आणि ते खरंही होतं. बदल विंडोजने परस्पर केला होता. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ दिसतं, ते उघडलं. हा एक आलेख असतो: तारखांचे उभे रकाने, बिघाड झाला त्या दिवशी लाल फुली, काही बसवलं गेलं त्या दिवशी निळं चिन्ह. बाईंच्या आलेखात कित्येक आठवडे रेघ सरळ होती. मग एका बुधवारी निळं चिन्ह, त्यावर टिचकी मारली तर डिस्प्लेचा ड्रायव्हर बसल्याची नोंद, आणि गुरुवारपासून लाल फुल्यांची माळ. जुना ड्रायव्हर परत आणला, माळ थांबली.

बुधवार का? मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतात. अमेरिकेतली ती सकाळ म्हणजे आपली मंगळवारची रात्र, त्यामुळे आपल्या लॅपटॉपवर ते बहुधा बुधवारी किंवा त्यानंतर बसतात. ड्रायव्हर इतर दिवशीही येऊ शकतात, पण ‘बुधवारपासून बिघडलंय’ असं कुणी म्हणालं की मी आधी तो आलेख उघडतो.

आलेखातून काही हाती लागलं नाही तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. विंडोजचं बटण आणि एक्स दाबलं की यादीत सापडतो. ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिस्टम’वर जा आणि लॅपटॉप थिजला त्या वेळेच्या आसपासच्या पिवळ्या-लाल ओळी वाचा. बाकीच्या शेकडो ओळी सोडून द्या. निरोगी लॅपटॉपवरही त्या असतातच, त्या बघून घाबरलेले लोक रोज भेटतात. शोधायचं ते एवढंच:

‘डिस्प्ले’ या नावाने ४१०१ क्रमांक: ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला आणि सावरला.
‘स्टॉर’ने सुरू होणाऱ्या नावाचा १२९ क्रमांक: एसएसडीकडून वेळेत उत्तर आलं नाही म्हणून तिला रीसेट करावं लागलं. दोष ड्राइव्हचा, तिच्या फर्मवेअरचा (ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) किंवा स्टोरेज ड्रायव्हरचा.
‘डिस्क’ नावाने ७ किंवा १५३: ड्राइव्हचीच तक्रार. पुढचं वाचायच्या आधी बॅकअप घ्या.
‘व्हिआ-लॉगर’: हार्डवेअरने स्वतः कळवलेली चूक.

माझ्याकडे सगळीकडे ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतंय. हाच गुन्हेगार ना?

नाही. लॅपटॉप नीट बंद न होता पुन्हा चालू झाला, एवढंच ती ओळ सांगते. तुम्ही पॉवर बटण दाबून धरलंत त्याचीच ती नोंद आहे. कारण शोधायचं असेल तर तिच्या आधीच्या ओळी वाचा.

सेफ मोडची चाचणी कशी करायची?

शिफ्ट दाबून ठेवून ‘रीस्टार्ट’वर टिचकी मारा. निळा पडदा येईल. ‘ट्रबलशूट’, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, ‘रीस्टार्ट’, आणि मग ४चं बटण. इंटरनेट हवं असेल तर ५.

सेफ मोडमध्ये विंडोज फक्त अत्यावश्यक आणि स्वतःचे साधे ड्रायव्हर वापरतं. एरवी अर्ध्या तासात थिजणारा लॅपटॉप इथे दोन-तीन तास नीट चालला तर ड्रायव्हर किंवा एखादा बाहेरचा प्रोग्रॅम दोषी धरायला हरकत नाही. इथेही थिजला तर हार्डवेअरकडे वळा. एक मर्यादा ध्यानात असू द्या: सेफ मोडमध्ये लॅपटॉपवर ताण फारसा पडत नाही, म्हणून फक्त ताण आल्यावर दिसणारा हार्डवेअरचा दोष इथे लपू शकतो.

सेफ मोडमध्ये जायच्या आधी काही काळजी?

हो, आणि ही चुकवू नका. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, म्हणजे ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय, आपोआप चालू असतं. सेफ मोडमध्ये जाताना किंवा बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) बदलल्यावर ते अचानक ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते, पण लॅपटॉप सुरू व्हायला तयार नसताना त्या खात्याचा पासवर्ड आठवत बसण्यापेक्षा आधीच मोबाइलवरून खातं उघडा आणि की वहीत उतरवून घ्या. खातं लॅपटॉप विकणाऱ्या दुकानदाराने काढून दिलं असेल तर ते कोणत्या ईमेलवर आहे हे आजच शोधा.

ड्रायव्हर तर पन्नास आहेत. कुठल्यापासून सुरुवात करू?

माझा क्रम असा: ग्राफिक्स, वाय-फाय, स्टोरेज. बाकीचे क्वचित.

ग्राफिक्स पहिलं, कारण तो सगळ्यांत गुंतागुंतीचा ड्रायव्हर आहे. त्यात काही लॅपटॉपवर दोन-दोन ग्राफिक्स चिप नांदतात: प्रोसेसरमधली इंटेल किंवा एएमडीची, आणि शेजारी एनव्हिडियाची. बॅटरी वाचवायला काम या चिपवरून त्या चिपवर सोपवलं जातं आणि त्या देवाणघेवाणीत अडखळणं होतं. तपासायला सोपं आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या भागांच्या विंडोजमधल्या यादीत, ‘डिस्प्ले अॅडाप्टर्स’ उघडा, एनव्हिडियावर उजवी टिचकी, ‘डिसेबल डिव्हाइस’. दोन दिवस तसंच वापरा. गेम चालणार नाहीत आणि काही लॅपटॉपवर बाहेरचा मॉनिटरही चालणार नाही, पण थिजणं थांबलं तर उत्तर मिळालं. फक्त यूट्यूब किंवा व्हिडिओ कॉल चालू असतानाच अडकत असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’खाली ग्राफिक्स अॅक्सिलरेशनचा पर्याय बंद करून बघा. हा उपाय नव्हे, चाचणी आहे. कायम बंद ठेवलंत तर व्हिडिओचा भार प्रोसेसरवर येतो आणि बॅटरी लवकर उतरते.

वाय-फायची चाचणी त्याहून सोपी: एअरप्लेन मोड लावून ऑफलाइन काम करा, किंवा मोबाइल यूएसबीने जोडून नेट घ्या आणि वाय-फाय बंद ठेवा.

स्टोरेजचा अंदाज इव्हेंट व्ह्यूअरमधल्या १२९वरून येतोच. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दाखवते आणि प्रत्यक्षात वाचण्या-लिहिण्याचा वेग शून्याजवळ, असं एकदम दिसलं तर खूण पक्की. इथे ड्राइव्हचं फर्मवेअरही तपासा. २०२४ च्या शेवटी विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली तेव्हा वेस्टर्न डिजिटलच्या काही २ टीबी एसएसडीवर लॅपटॉप कोसळू लागले होते आणि कंपनीने नवं फर्मवेअर दिल्यावर ते थांबलं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन ड्रायव्हर एकदम बदलून लॅपटॉप बरा झाला तर बरं वाटतं खरं, पण पुढच्या अपडेटला तोच त्रास परत आला की तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

क्रॅशच्या पडद्यावर एखाद्या फाइलचं नाव दिसतं. त्याचा उपयोग?

भरपूर. ‘एनव्हीएल’ने सुरू होणारं लांबलचक नाव एनव्हिडियाचं, ‘आयजीडी’ने सुरू होणारं इंटेलच्या ग्राफिक्सचं, ‘एएमडीकेएम’ने सुरू होणारं एएमडीचं. ‘नेटडब्ल्यू’ दिसलं तर बहुधा इंटेलचं वाय-फाय. पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. तो निघून गेला तर विंडोजच्या फोल्डरमधलं ‘मिनिडंप’ बघा. तिथल्या फाइली ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाच्या छोट्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडतात.

नाव विंडोजच्या स्वतःच्या कर्नलचं असेल, म्हणजे ‘एनटीओएस’ने सुरू होणारं, तर विंडोज बिघडलंय असा निष्कर्ष काढू नका. बहुतेक वेळा दुसऱ्याने घातलेला गोंधळ तिथे उघड होतो, एवढंच.

रोज रात्री शट डाउन करते, सकाळी सुरू करते. तरी तोच त्रास. नवीन सुरुवात होत नाही का?

होत नाही, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे आणि बहुतेक लॅपटॉपवर ती मुळातच चालू असते. शट डाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नल आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जतन होते आणि सकाळी जशीच्या तशी परत उचलली जाते. कालचा अडखळलेला ड्रायव्हर आजही तसाच. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू करतं.

खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’, मग ‘सीपीयू’, आणि खाली ‘अप टाइम’ बघा. रोज रात्री बंद होणाऱ्या लॅपटॉपवर तिथे बारा-बारा, पंधरा-पंधरा दिवस दिसतात.

तपासणी चालू असेपर्यंत फास्ट स्टार्टअप बंद ठेवा: कंट्रोल पॅनेल, ‘पॉवर ऑप्शन्स’, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, वरच्या निळ्या ओळीवर टिचकी, आणि खालची खूण काढा. एसएसडी असेल तर सुरू व्हायला लागणाऱ्या वेळेत फारसा फरक जाणवत नाही. माझ्या मते कायमच बंद ठेवलं तरी काही बिघडत नाही.

ड्रायव्हर कुठून घ्यायचा?

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानावरून, तुमच्या नेमक्या मॉडेलचा. डेलचा सात अक्षरी सर्व्हिस टॅग, इतरांचा सिरियल नंबर, पाठीवरच्या स्टिकरवर असतो. स्टिकर घासून गेला असेल तर बायोसमध्ये सापडतो. इंटेल, एनव्हिडिया, एएमडी यांच्या साइटवर त्याहून नवे ड्रायव्हर असतात, पण लॅपटॉप कंपनीने आपल्या मॉडेलसाठी केलेले बारीक बदल त्यांत असतीलच असं नाही. म्हणून आधी लॅपटॉप कंपनीचा, त्याने भागलं नाही तर चिप कंपनीचा.

‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ करून देणारी सॉफ्टवेअर टाकू नका. टाकलं असेल तर काढा. जे नीट चालत होतं त्यालाही ती हात लावतात, कधी चुकीच्या मॉडेलचा ड्रायव्हर आणतात आणि वर पैसे मागतात. मुळात चालणारा ड्रायव्हर केवळ जुना आहे म्हणून बदलण्याची गरज नसते. नवा घ्यायचा तो त्रास असेल तर, किंवा सुरक्षेची दुरुस्ती आली असेल तर.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरची तारीख २००६ दाखवतंय! एवढा जुना?

घाबरू नका. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरवर २१ जून २००६ ही तारीख मुद्दाम छापलेली असते, म्हणजे कंपनीचा खास ड्रायव्हर मिळाला की तोच नवा ठरावा आणि विंडोजने त्यालाच पसंती द्यावी. इंटेलच्या चिपसेटच्या काही फाइलींवर तर १८ जुलै १९६८ दिसेल. ती इंटेल कंपनीची स्थापना झाली ती तारीख. तारखेकडे दुर्लक्ष करून आवृत्तीचा क्रमांक बघा.

जुना ड्रायव्हर परत आणायचाय, पण ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करडं दिसतं.

म्हणजे आधीचा ड्रायव्हर विंडोजने जपून ठेवलेला नाही. अशा वेळी कंपनीच्या पानावर ‘ओल्डर व्हर्जन्स’ किंवा ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ शोधा आणि त्रास सुरू व्हायच्या आधीच्या तारखेचा उतरवून घ्या. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडा, ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करा, नेट बंद करा, रीस्टार्ट करा आणि मग जुना बसवा. नेट बंद का, तर चालू असेल तर तुमचा फाइल शोधण्याचा उद्योग संपायच्या आत विंडोज पुन्हा तोच नवा ड्रायव्हर आणून बसवतं.

परत परत आणत असेल तर स्टार्टमध्ये ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’ शोधून ‘नो’ निवडा. बहुतेक वेळा ऐकतं. विंडोजचे सुरक्षा अपडेट मात्र बंद करू नका, ते वेगळं प्रकरण आहे.

डीडीयू म्हणजे काय? वापरावं का?

डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर. ग्राफिक्स ड्रायव्हर मुळासकट काढणारा मोफत प्रोग्रॅम. साध्या अनइन्स्टॉलने मागे उरणाऱ्या फाइली आणि नोंदी तो साफ करतो. नवा बसवला, जुना बसवला, तरी ४१०१ येतच राहिलं, तेव्हा वापरावा. त्याआधी नको. नवा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा, बिटलॉकरची की हाताशी ठेवा, नेट तोडा, सेफ मोडमध्ये चालवा.

लॅपटॉप झाकण उघडल्यावर, म्हणजे झोपेतून उठतानाच थिजतो.

झोपताना प्रत्येक भागाला ‘वीज कमी कर’ आणि उठताना ‘जागा हो’ असा निरोप जातो. एखादा ड्रायव्हर वेळेत जागा झाला नाही की सगळे त्याची वाट बघतात. कधी क्रॅशच्या पडद्यावर ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ असं लिहूनही येतं. इथे वाय-फाय आणि चिपसेटचे ड्रायव्हर आधी बदला. वाय-फाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ हा टॅब दिसत असेल तर वीज वाचवायला कार्ड बंद करण्याची परवानगी काढून घ्या. यात बायोस अपडेटनेही पुष्कळदा फरक पडतो.

बायोस अपडेट करू का? भीती वाटते.

भीती रास्त आहे, पण झोप-जाग, चार्जिंग आणि तापमान यांच्याशी जोडलेल्या तक्रारींवर अनेकदा तोच इलाज असतो. चार्जर लावलेला, बॅटरी भरलेली, फाइल त्याच मॉडेलची. मध्येच बंद करायचा नाही. गावाकडे लोडशेडिंगची वेळ ठरलेली असते, ती टाळून करा.

हे विंडोजचं ‘एसएफसी स्कॅननाऊ’ सगळीकडे सुचवतात. ते केलं, काही झालं नाही.

होणारही नव्हतं. ती आज्ञा विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासते. एनव्हिडियाचा किंवा वाय-फायचा सदोष ड्रायव्हर तिच्या नजरेने ठणठणीत असतो. चालवल्याने तोटा काही नाही.

बाहेर जोडलेल्या वस्तूंमुळे असं होऊ शकतं?

हो, आणि घरच्यापेक्षा दुकानांत, सेवा केंद्रांत, सीएंच्या ऑफिसात हे जास्त दिसतं. एकाच लॅपटॉपला बोटांचे ठसे घेणारं यंत्र, पावतीचा प्रिंटर, डिजिटल सहीचा टोकन, बारकोड स्कॅनर, आणि प्रत्येकाबरोबर आलेला, कधीचा कोण जाणे असा ड्रायव्हर. सगळं काढून एक दिवस लॅपटॉप नुसता चालवा. मग एकेक वस्तू जोडा. जुने ड्रायव्हर हुडकायला एक आडवाट आहे: विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘डिव्हाइस सिक्युरिटी’, मग ‘कोअर आयसोलेशन’. ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू करायला गेलात आणि ते नाही म्हणालं तर कुठल्या ड्रायव्हरमुळे जमत नाही त्याची यादीच दाखवतं.

दोष ड्रायव्हरचा नसेलच तर?

ड्राइव्हसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो चालवा. ‘गुड’ऐवजी ‘कॉशन’ दिसलं तर बॅकअप घेऊन ड्राइव्ह बदला. रॅमसाठी स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधा आणि रात्रभर चालू द्या. ड्राइव्हवर मोकळी जागा जेमतेम उरली असेल तर आधी जागा मोकळी करा. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातून फोन वाढतात, पण तापलेला लॅपटॉप बहुधा आधी मंदावतो आणि मग धाडकन बंद होतो. थिजून उभा राहिला तर एकट्या उन्हावर खापर फोडू नका. गादीवर ठेवून वापरत असाल तर मात्र आधी टेबलावर घ्या.

‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ चालवून बघू?

हे जाणकारांचं हत्यार आहे. ते ड्रायव्हरवर मुद्दाम ताण टाकून लॅपटॉप कोसळवतं, आणि पुढे तो सुरूच होईना असंही होतं. सेफ मोडमध्ये जाऊन ते बंद करता येत असेल तरच हात लावा.

माझ्याकडे अजून विंडोज १० आहे.

त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लगेच हँग होईल असं नाही, पण पुढे नवे ड्रायव्हर तुमच्या विंडोजवर तपासले जाणं कमी होत जाईल. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या लॅपटॉपवर कुणी जुगाड करून विंडोज ११ टाकून दिलं असेल आणि तेव्हापासून थिजत असेल, तर कारण तिथेच शोधा.

लिनक्सवर थिजतो, मिंट आहे.

एनव्हिडिया असेल तर ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर काढून मिंटच्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून शिफारस केलेला घ्या. सुरूच होत नसेल तर बूट करताना ‘नोमोडसेट’ जोडून आत शिरा. इंटेलच्या बे ट्रेल चिपचा, २०१३-१४ च्या सुमाराचा स्वस्त लॅपटॉप असेल तर त्या चिपची झोपेच्या खोल अवस्थेत थिजण्याची खोड जुनी आणि प्रसिद्ध आहे. कर्नलला ‘मॅक्स सीस्टेट’ १ वर ठेवायला सांगितलं की थांबते, बॅटरी थोडी जास्त जाते.

सरळ फॉरमॅट मारून टाकू का?

शेवटचा पर्याय. फॉरमॅटनंतर विंडोज त्याच नव्या अपडेटमधून तोच सदोष ड्रायव्हर पुन्हा आणू शकतं, आणि एसएसडी मरायला टेकली असेल तर फॉरमॅटने काहीच साधत नाही. करायचंच ठरलं तर आधी डेटा बाहेर काढा आणि वाय-फायचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्या. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर विंडोज बसवताना एसएसडी दिसतच नाही. ती मेलेली नसते. इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून दिला की दिसते.

दुकानात न्यायचा झाला तर काय सांगू?

कधीपासून, काय करत असताना, चार्जरवर की बॅटरीवर, आवाज चालू राहतो का, कॅप्स लॉकचा दिवा लागतो का, सेफ मोडमध्ये काय झालं. सोबत रिलायबिलिटीच्या आलेखाचा फोटो. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीचं सेवा केंद्र, उघडून बघणारा ओळखीचा माणूस नंतर. आणि लॅपटॉप न बघताच कुणी ‘फॉरमॅट करावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही’ म्हणालं, तर तो उचला आणि पुढच्या दुकानात जा.